सोंगाला हाक मारायची नसते

काम साधं होतं. उंबरदऱ्याहून निघायचं, एकलहऱ्याला भिकाला गाठायचं आणि दिवस मावळायच्या आत त्याला घेऊन परत यायचं. सहादूतात्या ही गोष्ट सांगायला बसले की सुरुवात अशी करायचे, जसं काही बाजारातून मीठ आणायचंय.

"माझ्या वळखीचा एक मानूस व्हता," ते म्हणायचे. "त्याला हे काम लावलं व्हतं."

तो ओळखीचा माणूस म्हणजे ते स्वतःच. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण असली गोष्ट स्वतःच्या नावावर सांगायची नाही, रात्र नाव ध्यानात ठेवते, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या गोष्टीत काळूची पोरगी म्हणून जी येते ती मी, भागुबाई. माझ्यासमोर बसून माझीच गोष्ट ते परकी करून सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचे. जिथं ते चुकायचे तिथं मात्र मी सोडायचे नाही.

शेवटची त्यांनी ती सांगितली अठ्ठ्याऐंशी साली, गणपतीत, एकलहऱ्याला आमच्या ओट्यावर. माझा नवरा तिथल्या वीज केंद्रात कामाला. उशाला वीज तयार होते, राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, आणि लाइट जाते ती आधी आमची. माझा गोरक्ष आणि शेजारची पोरं मंडळाच्या कार्यक्रमासाठी नाच बसवत होती. गोरक्ष चटईवर पाठीवर गरगर फिरत होता.

"ह्याला फेफरं आलंय का?" तात्यांनी मला विचारलं.

"ब्रेक डान्स हाय तो, आजोबा," गोरक्ष म्हणाला. "शिकावा लागतो."

"शिकवतं कोन?"

"कोणी नाही. टीव्हीत बघून."

"मग मारतं कोन?"

पोरं हसली. तात्या हसले नाहीत. मीही नाही. आमच्या वेळी नाच शिकायचा म्हणजे आधी पोटऱ्या सुजायच्या, मग पाय वळायचा.

तेवढ्यात लाइट गेली. पोरं आपोआप तात्यांच्या भोवती सरकली. आणि तात्यांनी तंबाखू मळत त्यांचा तो ओळखीचा माणूस काढला.

पोरांना आधी बोहाडा काय तेच सांगावं लागलं. आमच्याकडं पेठच्या डोंगरात होळी झाली की आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, गावोगाव बोहाडा होतो. रात्रभर देवांची सोंगं नाचतात. लाकडाचे मुखवटे, टेंभ्यांचा उजेड, संबळ आणि पिपाणी. एकेक सोंग एकेका घराचं, बापाकडून पोराकडं जातं. त्याला मान म्हणतात. आमच्या घरी म्हैसासुराचा मान. शेवटच्या रात्री, उजाडता उजाडता, देवी येते, म्हैसासुराला मारते आणि बोहाडा संपतो. देवीचा मान देवरामच्या घरी. बाईनं सोंग घ्यायचं नाही. देवीचं सोंगसुद्धा बाप्याच घेतो, लुगडं नेसून. हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सोंग चढलं की माणसाच्या अंगात वारं येतं. तो मग कुणाचा राहत नाही. म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधतात आणि मागून एक दांडगा माणूस तो धरून चालतो. आमच्या घरचा दोर सहादूतात्यांच्या हातात. आणि सगळ्यात मोठा नेम असा, की सोंग चढल्यावर त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. आईनं नाही, बायकोनं नाही, आग लागली तरी नाही. आत कोण आहे ते विचारायचंच नाही.

"का?" एका पोरानं विचारलं.

"ज्याला हाक मारशील तो ओ देतो म्हनून," तात्या म्हणाले.

माझा बा म्हणजे काळू. त्याच्यासारखा म्हैसासुर पेठ तालुक्यात नव्हता. होळी झाली की संध्याकाळी आमच्या खळ्यावर तो पोरांना शिकवायचा. माझा चुलता भिका तेव्हा मिसरूड फुटलेला, आणि वस्तीवरची आणखी पोरं. बा त्यांच्या डोक्यावर दगड बांधायचा. आमच्या सोंगाला खरी रेड्याची शिंगं, ते वजन डोक्यावर घेऊन पहाटेपर्यंत नाचायचं तर मान आधी तयार पाहिजे. "नाच पायात नसतो, मानंत असतो," म्हणायचा, आणि सपकन निरगुडीची शिपटी पोटरीवर. मान हलली की शिपटी. श्वास तोंडानं घेतला की शिपटी. भिकाकाका रडायचा, रडत नाचायचा, आणि रडलास म्हणून वेगळी शिपटी खायचा.

मी पेंढ्याच्या उडवीमागं उभी राहून तेच करायचे, डोक्यावर वरवंटा बांधून. एका संध्याकाळी बानं मला पाहिलं. वेणीला धरून ओढत खळ्याच्या मध्ये आणलं. आई दारातून धावत आली, तिला वाटलं आज पोरगी मरते. बानं माझ्या डोक्यावरचा वरवंटा सोडला, मोठा दगड बांधला आणि म्हणाला, "नाच."

मी नाचले. त्यानं मला पोरांसारखंच मारलं, हात राखला नाही. त्या रात्री आई माझ्या पोटऱ्यांना तेल लावत त्याला शिव्या देत होती आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढं पोरं घरी गेली की बा मला एकटीला शिकवायचा. नाचातला एक पाय त्यानं मला दिला तो दुसऱ्या कुणाला दिला नाही. माती उकरणं. रेडा चिडला की कसा खुरानं माती उकरतो, तसं. डावी टाच रोवायची. उजवा पाय उचलायचा नाही, ओढायचा. आणि तसंच मागं मागं सरकत पुरी फेरी घ्यायची, की जमिनीवर गोल उमटला पाहिजे. "उचललास की मेलीस," म्हणायचा. भिकाकाकानं बघून बघून केलं, पण त्याला ते जमलंच नाही. त्याचा पाय उचलायचाच.

"मग बाईला सोंग घेता येत नाय तर तुला कशाला शिकवलं?" गोरक्षनं मला मध्येच विचारलं.

"तो पाय कुठंतरी ठेवायचा व्हता त्याला," तात्या म्हणाले. एवढंच.

देवरामला दोन्ही मान आपल्या घरात पाहिजे होते. देवी त्याची होतीच, म्हैसासुर त्याला त्याच्या भावासाठी पाहिजे होता. त्यानं पंचांसमोर तसं बोलून दाखवलं. माझा बा सगळ्या गावासमोर म्हणाला, "लुगडं नेसनाऱ्यानं शिंगं मागू नये." गाव हसलं. पोट धरून हसलं. देवरामही हसला.

हे एकाहत्तरचं. त्याच साली शेवटच्या रात्री देवीच्या हातात लाकडी तलवार नव्हती.

संबळ चढला होता. देवी नाचत पुढं आली, तलवार फिरली आणि बाच्या मानेवर बसली. एरवी लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज यायचा. तसा आला नाही. ओला आवाज आला. बा गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला, पाय झाडले. लोकांना वाटलं काय पडला, काय पडला... टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या. भिकाकाका सोंग उतरवायला वाकला आणि त्याच्या हातात बाची मान आली, तेव्हा टाळ्या थांबल्या.

देवराम म्हणाला, "वारं आलं व्हतं. मी नव्हतो, देवी व्हती."

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि गाव म्हणालं, देवीनं घेतला.

झालं. एवढ्यावर मिटलं. पुढच्या साली दुष्काळ पडला, माणसं खडी फोडायला गेली, भिकाकाका एकलहऱ्याला कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायला गेला तो गेलाच. आमच्या घरात आई आणि मी. आई म्हणजे नवसाबाई, तिला सगळं गाव वचकून असायचं, पण बाईच्या वचकानं मान टिकत नाही. पंचांचा नेम होता. लागोपाठ तीन बोहाडे घरचा माणूस नाचला नाही तर मान जातो. दोन बोहाडे म्हैसासुर आला नाही. देवरामनं हवेत तलवार फिरवली आणि लोक घरी गेले.

तिसरा बोहाडा चौऱ्याहत्तर सालचा, आखितीची रात्र. उजाडायच्या आत आमच्या घरचा म्हैसासुर उभा राहिला नाही तर सोंग देवरामच्या घरी जाणार होतं. ज्यानं बाला मारलं त्याच्या खुंटीवर बाचं सोंग. आई म्हणाली, तसं झालं तर मी ते घरासकट पेटवीन, तुझ्यासकट पेटवीन. ती बोलली की करायची.

म्हणून सहादूतात्यांना काम लावलं. भिकाला आण.

तात्या करंजाळीपर्यंत पायी, तिथून एसटीनं नाशिक, तिथून एकलहरे. भिकाकाका सापडला तो कोळशाच्या ढिगाऱ्यात. डोळे तेवढे पांढरे.

"मुकादम सोडत नाय, रातची पाळी बी हाय," तो म्हणाला. "पाळी टाकली तर उद्या दारात उभा करायचा नाय."

"भिका, मान जातो."

"जाऊ दे."

"वैनीला काय सांगू?"

भिकाकाका फावडं टेकून उभा राहिला. "खरं सांगू का तात्या, मला देवरामच्या म्होरं उभं नाय राहायचं. दादाची मान माझ्या हातात आली व्हती. तुमच्या हातात दोर व्हता, माझ्या हातात मान." मग म्हणाला, "बघतो. जमलं तर रातच्या ट्रकनं येतो."

तात्या एकटे परतले. सावळघाटात अंधार पडला. करंजाळीला उतरून डोंगर चढेपर्यंत आखितीची चंद्राची कोर बुडून गेली होती. गावात संबळ वाजत होता. गणपती नाचून झाला होता.

आमच्या घरात आई दारात बसलेली. सोंग आतल्या भिंतीला, खुंटीवर, तीन वर्षं तसंच. ज्याच्या अंगावर चढायचं त्यानंच ते खुंटीवरून उतरवायचं, दुसऱ्यानं नाही, हाही नेम. आईनं त्याला टांगल्या जागीच पुढून शेंदूर लावला होता, शिंगांना तेल लावलं होतं.

"कुठं हाय भिका?" तिनं विचारलं.

"येतो म्हनला."

"येतो म्हनला का बघतो म्हनला?"

तात्या पायातल्या वहाणा काढायला वाकले. तिला कळलं.

रात्र सरत गेली. एकेक सोंग नाचून गेलं. टेंभ्यांत तेल ओतून ओतून लोक दमले. पहाटेचा गार वारा सुटला आणि देवराम आमच्या दारात आला. लुगडं नेसलेला, कपाळाला मळवट, देवीचा मुखवटा एका पोराच्या डोक्यावर. तलवार त्याच्या हातात. मी बघितली. लोखंडाची होती. आता लपवायचं कारणही राहिलं नव्हतं.

"नवसाबाई, कोंबडा आरवंल आता," तो म्हणाला. "उगा दिवस उगवायची वाट कशाला? दे सोंग. मीच नेतो खांद्यावरनं."

"बायकांच्या वस्तीत यायला लुगडं बरं हाय तुझ्याकडं," आई म्हणाली. "एरवी यायची छाती नव्हती ना तुझी."

त्यानं देवीच्या लुगड्यात माझ्या आईच्या तोंडात मारली. एकच. आई उंबऱ्यावर आपटली, दात ओठात गेला. मी त्याच्या मनगटाला चावले. हाडापर्यंत चावले. त्यानं मला लाथ घातली, मी चुलीपाशी जाऊन पडले. जाताना तो रक्त चाटत म्हणाला, "दिवस उगवला की येतो."

तात्या गोष्टीत इथं आले की नेहमी म्हणायचे, "त्या मानसानं त्याला आडवायला पायजे व्हतं."

"देवीच्या लुगड्याला हात कोण लावणार?" मी म्हणायचे. "पुढं सांगा."

मी उठले. तोंडात देवरामच्या रक्ताची चव होती. आईला म्हणाले, "मी नाचते."

"जीव घेतील तुझा."

"घेऊ दे. मान तर राहील."

मी खुंटीकडं निघाले. हात वर केला...

मागचं दार वाजलं.

एक माणूस आत आला. डोक्याला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. काळाकुट्ट. तात्यांना वाटलं कोळसा. ट्रक मिळाला म्हणायचा. "आलास का," ते म्हणाले.

तो बोलला नाही. म्हैसासुर घेणारा संध्याकाळपासून बोलत नाहीच, तेव्हा त्यात काही नवल नव्हतं. तो माझ्याजवळून गेला. कोळशाचा वास यायला पाहिजे होता. आला नाही. पावसात पडून राहिलेल्या पाचोळ्याचा आला. त्यानं खुंटीवरून सोंग उतरवलं, आमच्याकडं पाठ केली, आणि घातलं.

तात्यांनी कमरेला दोर टाकला. गाठ मारून आवळली. दोर आवळत गेला... आवळतच गेला. भिकाची कंबर चांगली खांबासारखी. इथं दोर कुठं अडेच ना.

"उपाशी हायेस का रं..." तात्या पुटपुटले.

सोंग दाराबाहेर पडलं.

मी आईकडं पाहिलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं. तिनं ते पुसलं नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार कपाळावर. भिकाकाकासमोर ती पदर ओढत नव्हती. दिराला तिनं लहानाचा मोठा केलेला. ती फक्त एकाच माणसासमोर असा पदर घ्यायची.

"आये," मी म्हणाले.

"गप."

म्हैसासुर आलेला बघून गावानं एकच गलका केला. संबळवाल्यानं झोप झटकली. देवराम मुखवटा बांधून तयार होता, तो जागच्या जागी थांबला, मग नाचत पुढं आला. त्याला वाटलं भिका. भिकाला तो चुलीत घालणार होता.

पहिली फेरी. दुसरी फेरी. सोंगाची मान हलत नव्हती. शिंगं अशी जात होती की पाण्याची घागर ठेवली तरी सांडू नये. भिकाकाकाची मान एवढी कधी थांबली नव्हती.

मग त्यानं डावी टाच रोवली.

मी गर्दीतून पुढं घुसले.

उजवा पाय उचलला नाही. ओढला. धूळ उठली. मागं सरकत, ओढत, मागं सरकत... जमिनीवर गोल उमटायला लागला. कुणी शिकवलं होतं हे? दोघांनाच येत होतं. त्यातली एक मी, इथं उभी होते.

देवरामनं तो पाय दहा-बारा वर्षं समोरून पाहिलेला. त्याला माझ्याइतकाच माहीत होता. त्याचा नाच तुटला. संबळवाला वाजवत राहिला. देवराम दोन पावलं मागं गेला, मग ओरडत पुढं आला आणि तलवार घातली. मानेवर. तिथंच.

लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज आला.

रक्त आलं नाही.

त्यानं परत घातली. परत तसाच आवाज. वाळक्या फांदीसारखा. सोंग पडलं नाही. ते माती उकरत होतं. पिपाणी थांबली. मग संबळ थांबला. नुसता पाय ओढल्याचा आवाज... सर्र... सर्र...

देवरामनं मुखवटा वर सारला. तोंड घामानं भिजलेलं. कुंकू डोळ्यात गेलेलं. तो हळू म्हणाला, म्हणजे त्याला हळूच म्हणायचं असेल, पण सगळ्या गावानं ऐकलं.

"काळू...?"

नेम मोडला होता.

सोंग थांबलं.

"ओ," म्हणालं.

आरडून नाही. भेसूर नाही. आई जेवायला हाक मारायची आणि बा खळ्यावरून ओ द्यायचा. तसा. अगदी तसा.

मग दोर सुटला.

सुटला म्हणजे तात्यांनी सोडला नाही. तो त्यांच्या हातातून निघाला, आणि हाताची कातडी घेऊन निघाला. सोंगानं मान खाली घातली. शिंगं देवरामच्या पोटात गेली. मी आवाज ऐकला. बैल चिखलातून पाय काढतो तसा. त्याला उचललं. माणूसभर उंच उचललं. देवरामचे हात शिंगांना धरलेले. लुगडं फाटून लोंबत होतं. आपटला. परत उचलला. परत आपटला.

टेंभेवाले टेंभे टाकून पळाले. लेकरं आयांच्या कडेवर, म्हातारी माणसं कुडामागं. जमिनीवर पडलेले टेंभे तसेच जळत होते. त्या उजेडात दोघंच.

देवराम रांगत होता. मागं आतडं फरफटत होतं. तो देवळाकडं रांगत होता. देवीच्या देवळाकडं.

सोंगानं त्याला पायाला धरून मागं आणलं. गोलाच्या मध्ये. आणि त्याच्याभोवती नाचायला लागलं. टाच रोवून. पाय ओढत. देवराम आई आई म्हणत होता. मग नुसतं आ... आ... मग ते पण नाही.

तात्या दोराचं टोक परत धरायला पुढं झाले. हे मात्र खरं. रक्ताच्या हातांनी त्यांनी दोर धरला आणि पाय रोवले. नेम होता ना, सोंगाला मोकळं सोडायचं नाही.

कुठंतरी कोंबडा आरवला.

दोर सैल पडला. एकदम. तात्या मागच्या मागं पडले. त्यांनी दोर ओढून घेतला तर कमरेचा फास तसाच, गाठ तशीच. फासात काही नाही.

सोंग धुळीत पडलं होतं, शिंगं वर. जवळ देवराम. तिसरं कुणी नाही.

आई पुढं गेली. देवरामकडं बघितलंही नाही. ती पंचांकडं वळली. ते देवळाच्या ओट्याला चिकटून उभे होते.

"उजाडायच्या आत म्हैसासुर नाचला का नाय?" तिनं विचारलं.

पंचांनी देवरामकडं बघितलं.

"नाचला का नाय?"

"नाचला," एक पंच म्हणाला.

"आमच्या घरचा मानूस व्हता का नाय?"

त्या पंचाची दातखीळ बसली होती. दुसऱ्यानं मान हलवली.

"मग मान राहिला," आई म्हणाली. आणि तिथंच खाली बसली.

दुपारी फौजदार आले. सोंगात कोण होतं, त्यांनी आईला विचारलं. "सोंगाला नाव नसतं सायेब," आई म्हणाली. भिकावर संशय घेतला तर अख्ख्या पाळीनं सांगितलं, हा रात्रभर आमच्यासंगं वाघिणीत होता. गावाला विचारलं तर गाव म्हणालं, वारं आलं होतं. तीन वर्षांपूर्वी जे म्हणालं तेच. आता ते दुसरं काही म्हणूच शकत नव्हतं.

पण ते दुपारचं. त्याआधी सकाळी सोंग उचलायचं होतं आणि त्याला हात लावायला कुणी धजेना. सकाळच्या एसटीनं भिकाकाका आला. पाळी संपल्यावर मन खायला लागलं म्हणून निघाला होता. कोळशात माखलेला, डोळे तेवढे पांढरे. गोलापाशी येऊन उभा राहिला. सगळं बघितलं. गोलाच्या कडेनं, रेघेवर पाय न पडू देता, तो आत गेला.

तात्या इथं थांबायचे. तंबाखूची पिचकारी टाकायला उठायचे, ते लवकर परत यायचे नाहीत. त्या रात्रीही उठले. पोरं माझ्याकडं बघायला लागली.

मग मी सांगितलं.

भिकाकाकानं सोंग दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं केलं. शिंगं खाली, पोकळ बाजू वर. आणि तसाच उभा राहिला. मी जवळ गेले, वाकून बघितलं. आत, जिथं माणसाचं नाक आणि तोंड टेकतं, तिथं कुंभारीण माशीनं घर बांधलेलं होतं. मातीचं, मुठीएवढं. खुंटीवर टांगलेलं सोंग, पोकळ बाजू भिंतीकडं, तिला निवांत जागा. कधीचं होतं कोण जाणे, वाळून पांढरं पडलं होतं. चेहरा घालायला आत जागाच नव्हती.

"आणि ते फुटलं नव्हतं?" गोरक्षनं विचारलं.

कडसुद्धा मोडली नव्हती. भिकाकाकानं नुसतं बोट लावलं... आणि त्याचा भुगा झाला.